परदेशात घेतलेलं स्वयंपाकघरातलं उपकरण वापरताना: आधी पाटी वाचा, प्लग मग बघू

परदेशातून आणलेली किटली, टोस्टर किंवा मिक्सर घरी आला आणि प्लग सॉकेटात बसेना, की पहिली धाव अडॅप्टरकडे जाते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. भिंतीतून येणारी वीज तो आहे तशीच पुढे पाठवतो, मग उपकरणाला ती सोसो वा न सोसो. त्यामुळे प्लगचा प्रश्न खरं तर शेवटचा. आधी उपकरण उलटं करा आणि तळाला किंवा पाठीमागे लावलेली पाटी वाचा.

पाटीवर तीन गोष्टी शोधायच्या: व्होल्ट, हर्ट्झ (विजेची लहर सेकंदाला किती वेळा येते तो आकडा) आणि वॅट. कधी वॅटऐवजी अँपिअर दिलेले असतात. व्होल्टला अँपिअरने गुणलं की साधारण वॅट मिळतात. '१००–२४०' असं लिहिलं असेल तर काम सोपं आहे, उपकरण कुठल्याही देशात चालेल, फक्त पिनांचं बघा. वजनकाटे, चार्जिंगचे हँड ब्लेंडर आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या चार्जरवर हे बहुतेक वेळा सापडतं. '२२०–२४०' वाचून मात्र फसू नका. तोही पट्टाच आहे, पण अरुंद. १२० व्होल्ट त्यात येत नाहीत. दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ असेल, म्हणजे '११०/२२०' असं लिहिलं असेल, तर बहुधा उपकरणाच्या अंगावर कुठेतरी व्होल्टेज निवडायचा छोटा सरकता खटका असतो. तो प्लग लावण्याआधी योग्य बाजूला सरकवायचा. ११० वर ठेवून २३० ची वीज दिली तर आतले भाग क्षणात उडतात, चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

पाटी पुसली गेली असेल आणि उपकरण साधं तापणारं असेल (किटली, सँडविच टोस्टर, पाणी तापवायची कॉइल), तर मल्टिमीटर घ्या. प्लग बाहेर, उपकरणाचा खटका चालू, आणि वीज नेणाऱ्या दोन पिनांमधला रोध मोजा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, एवढंच गणित आहे. २३० व्होल्टच्या २००० वॅटच्या किटलीत सुमारे २६ ओहम दिसतात. १२० व्होल्टच्या १५०० वॅटच्या किटलीत साडेनऊच्या आसपास. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर ही युक्ती चालत नाही.

कोणत्या देशात किती

जगाची ढोबळ वाटणी दोन गटांत होते. जपान १०० व्होल्ट, तैवान ११०, अमेरिका आणि कॅनडा १२०, मेक्सिको १२७. युरोप, ब्रिटन, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया आणि आशिया-आफ्रिकेतले बहुतेक देश २२० ते २४०. ब्राझीलमध्ये दोन्ही आहेत, भागानुसार १२७ किंवा २२०, आणि सॉकेटचा आकार दोन्हीकडे तोच. २२०–२४० च्या गटात आपापसात फारशी चिंता नाही: २२० चं उपकरण २३० वर चालतं, २४० चं २२० वर जरा मंद चालतं. १००–१२७ च्या गटात तसं नाही. जपानी १०० व्होल्टचा राइस कुकर अमेरिकेत १२० वर लावला, तर प्लग सहज बसतो आणि कॉइल ४४ टक्के जास्त तापते. पहिल्या दिवशी जळणार नाही कदाचित, पण बूड करपेल आणि आतला थर्मल फ्यूज लवकर जाईल.

प्लग बसला म्हणजे वीजही जुळली, हा समज सगळ्यात महाग पडतो. अमेरिकेतल्या दोन चपट्या पिना चीन आणि फिलिपिन्समधल्या अनेक सॉकेटांत आरामात जातात, आणि तिथे २२० व्होल्ट असतात. न बसणारा प्लग निदान थांबून विचार करायला तरी लावतो.

चुकीच्या व्होल्टेजवर काय होतं

तापणाऱ्या उपकरणात व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट होते. नेमकं बघायचं तर १२० व्होल्टची १५०० वॅटची किटली २३० वर सुमारे ५५०० वॅट खेचते, म्हणजे २४ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) अशा दीडपट करंटला लगेच पडत नाही. तो गरम होऊन पडेपर्यंत कॉइल, वायर किंवा सॉकेट यांतलं काहीतरी आधी जातं. एमसीबीच्या भरवशावर 'लावून तर बघू' म्हणू नये, ते यासाठी.

यावर एक जुगाड सुचवला जातो: वायरीत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाका, व्होल्टेज निम्मं होतं. होत नाही. डायोड लहरीचा अर्धा भाग कापतो, त्यामुळे मिळणारी शक्ती निम्मी होते. ५५०० ची निम्मी २७५०. दीड हजार वॅटच्या कॉइलला ती अजूनही जवळपास दुप्पटच आहे.

मोटरच्या उपकरणात जास्त व्होल्टेज दिलं की मिक्सर किंचाळतो, कार्बन ब्रशपाशी निळ्या ठिणग्या दिसतात आणि वॉइंडिंग जळाल्याचा वास येतो. राइस कुकर, इंडक्शन शेगडी, डिजिटल ओव्हन यांत आधी सुरक्षेसाठी बसवलेला व्हॅरिस्टर फुटतो आणि फ्यूज उडतो. एवढ्यावर भागलं तर नशीब; दुरुस्ती करणारा ते दोन भाग बदलून देऊ शकतो. पॉवर सप्लाय किंवा कंट्रोल बोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा बोर्ड इथे मिळणं जवळपास अशक्य.

उलट दिशेने, म्हणजे २३० चं उपकरण १२० वर, धोका कमी आणि वैताग जास्त. २००० वॅटची किटली साडेपाचशे वॅटच देते. एक लिटर पाणी जिथे पावणेतीन-तीन मिनिटांत उकळायचं तिथे सव्वादहा मिनिटं लागतात, भांड्यातून वाया जाणारी उष्णता धरली तर आणखी जास्त. टोस्टरचा दांडा खाली राहत नाही, कारण त्याला धरणाऱ्या चुंबकाला पुरेसा जोर मिळत नाही. मोटर हळू फिरते आणि भार आला की अडकते. अडकलेली मोटर तशीच चालू ठेवली तर तीही जळते, त्यामुळे 'कमी व्होल्टेजने काही होत नाही' हे मोटरसाठी खरं नाही.

ट्रान्सफॉर्मर घ्यावा का

बाजारात एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बहुतेक नुकसान या गोंधळातून होतं.

एक आहे खरा ट्रान्सफॉर्मर: लोखंडी गाभा, तांब्याची तार, जड. दुसरा प्रवासी कन्व्हर्टर: मुठीत मावणारा, वर '२००० वॅट' लिहिलेला हलका डबा. यातले अनेक डबे व्होल्टेज खऱ्या अर्थाने उतरवत नाहीत, लहरीचे तुकडे कापून सरासरी कमी करतात. साध्या इस्त्रीला किंवा केस वाळवायच्या यंत्राला काही मिनिटं ते पुरतात. त्यांवर मोटर किंवा डिस्प्ले असलेलं उपकरण लावलं तर मोटर गुरगुरते आणि बोर्ड बिघडतो. स्वयंपाकघरासाठी हा डबा घेऊच नका. दीड हजार व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद त्यात मोजतात) खरा ट्रान्सफॉर्मर काही किलो भरतो. वजन ही ओळखायची सोपी खूण आहे.

ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा? साध्या तापणाऱ्या उपकरणाला पाटीवरच्या वॅटच्या सव्वापट ते दीडपट. मोटरला अडीच ते तीनपट, कारण सुरू होताना ती काही क्षण कितीतरी जास्त करंट घेते. म्हणजे ३०० वॅटच्या मिक्सरला ७५० ते ९०० व्हीए. स्वस्त ट्रान्सफॉर्मरवर छापलेला आकडा बऱ्याचदा थोड्या वेळापुरता असतो. सतत चालवण्याचा आकडा वेगळा दिलाय का ते पाहा, नसेल तर छापलेला निम्मा धरा. मायक्रोवेव्हच्या दारावर लिहिलेले १००० वॅट हे अन्नाला मिळणारे असतात, भिंतीतून तो दीड हजाराच्या आसपास घेतो. हिशोब पाटीवरच्या इनपुटचा करायचा.

जपानी उपकरणासाठी १०० व्होल्ट देणाराच ट्रान्सफॉर्मर हवा. '११० वाला चालतो' असं दुकानदार सांगतात. ११० वर १०० ची कॉइल २१ टक्के जास्त तापते. ज्या देशात वापरायचा तिथल्या हर्ट्झसाठी बनवलेलाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ५० वर लावला की गाभा संपृक्त होतो, गुणगुणतो आणि रिकामा असतानाही तापतो.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. बरेचसे ट्रान्सफॉर्मर 'ऑटो' प्रकारचे असतात, म्हणजे आत एकच सलग वॉइंडिंग. ते हलके आणि स्वस्त असतात, पण त्यांचा सामाईक भाग तुटला तर बाहेरच्या बाजूला १२० ऐवजी पूर्ण २३० येऊ शकतात. चालू ठेवून बाहेर जाणं म्हणूनच टाळावं. दुसरं, आउटपुटचा सॉकेट तीन भोकांचा आहे का आणि त्यातलं अर्थिंग खरंच इनपुटच्या अर्थिंगला जोडलंय का, हे मल्टिमीटरने तपासा. नुसतं भोक असून आत वायर नसणं हे नेहमी दिसतं.

वापरताना आधी ट्रान्सफॉर्मर चालू करायचा, मग उपकरण. बंद करताना उलटा क्रम. काम झालं की ट्रान्सफॉर्मरही बंद; रिकामा असतानाही तो थोडी वीज खातो. सिंकजवळ किंवा कपाटात कोंबून ठेवू नका, चारही बाजूंनी हवा हवी.

आमचं स्पष्ट मत: हजार वॅटच्या वरच्या तापणाऱ्या वस्तूसाठी ट्रान्सफॉर्मर घेण्यात अर्थ नाही. किटली, टोस्टर, एअर फ्रायर, इंडक्शन शेगडी या वस्तू जिथे राहतो तिथेच घ्याव्यात. महागडा स्टँड मिक्सर, चांगला ब्लेंडर, कमी वॅटचा राइस कुकर यांसाठी खटाटोप परवडतो. त्यातही स्टँड मिक्सर परदेशातून मागवण्याआधी त्याच कंपनीचं स्थानिक व्होल्टेजचं मॉडेल आहे का ते पाहा. वॉरंटी बहुतेकदा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते.

हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मर जे बदलत नाही

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. अमेरिकेत ६०, युरोपात ५०. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६०. दक्षिण कोरियात व्होल्ट २२० असूनही हर्ट्झ ६०.

निव्वळ कॉइलला याने काहीच फरक पडत नाही. कार्बन ब्रशची मोटर असलेल्या मिक्सर-ब्लेंडरलाही नाही. तशी मोटर ओळखायची तर तिचा आवाज कर्कश असतो आणि हवेच्या फटीतून किंचित ठिणग्या दिसतात. ज्या जुन्या ओव्हनची घड्याळं विजेच्या लहरी मोजून चालतात, त्यांत ६० चं घड्याळ ५० वर तासाला १० मिनिटं मागे पडतं, आणि ५० चं ६० वर तासाला १२ मिनिटं पुढे जातं. टायमरही त्याच प्रमाणात चुकतो.

खरा त्रास मायक्रोवेव्हचा. जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्हमध्ये जड हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांची जोडी ठरावीक हर्ट्झला जुळवलेली असते. ६० चा मायक्रोवेव्ह ५० वर लावला की ट्रान्सफॉर्मर तापतो आणि अन्नाला मिळणारी शक्तीही बदलते. पाटीवर '५०/६०' नसेल तर असा मायक्रोवेव्ह आणू नये. फ्रिजच्या साध्या कॉम्प्रेसरचंही तसंच, ६० चा ५० वर सुमारे १७ टक्के हळू फिरतो आणि तापतो.

एस्प्रेसो यंत्रात पाणी ढकलणारा कंपनाचा पंप असतो. तो लहरींच्या तालावर ठोके देतो, आणि त्याची स्प्रिंग त्या तालासाठी बनवलेली असते. हर्ट्झ बदलले की दाब आणि पाण्याचा प्रवाह बिघडतो. हा पंप मात्र वेगवेगळ्या व्होल्ट-हर्ट्झचा सुटा मिळतो. पण पंपासोबत कॉइल आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हही (विजेवर उघडझाप होणारी झडप) बदलावे लागतात, म्हणून हे काम यंत्र उघडण्याची सवय असलेल्यानेच करावं.

आता प्लग

व्होल्ट आणि हर्ट्झ जुळले की प्लग हा अर्ध्या तासाचा विषय आहे.

आधी पाहा, वायर उपकरणापासून सुटी होते का. होत असेल तर अडॅप्टरचं नाव काढू नका. त्याच तोंडाची, स्थानिक प्लगची वायर विकत घ्या. कॉम्प्युटरला असते तशा तीन पिनांच्या तोंडाला 'सी १३' म्हणतात, ते १० अँपिअरचं. किटली, राइस कुकर अशा गरम होणाऱ्या वस्तूंना बऱ्याचदा 'सी १५' लागतं. दिसायला जवळपास तसंच, पण त्याला एक खाच असते आणि ते जास्त तापमान सोसतं. खाच नसलेली कॉम्प्युटरची वायर किटलीत जात नसेल तर ती तासून बसवू नका; ती न बसण्यासाठीच खाच ठेवली आहे.

वायर पक्की असेल आणि उपकरण वर्षानुवर्षं वापरायचं असेल, तर प्लग बदलणं उत्तम. अडॅप्टर चार दिवसांपुरता ठीक. घेताना त्यावरचे अँपिअर वाचा: २००० वॅटला २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर लागतात, ३००० वॅटच्या ब्रिटिश किटलीला १३. ऑस्ट्रेलियातला नेहमीचा सॉकेट १० अँपिअरचा आहे, तिथे ती किटली कुठल्याच अडॅप्टरवर लावू नये. सगळ्या देशांचे प्लग गिळणारे 'युनिव्हर्सल' अडॅप्टर बहुधा अर्थिंग पुढे नेत नाहीत. जर्मन पद्धतीचा गोल प्लग तीन गोल भोकांच्या भारतीय सॉकेटात नुसता खुपसला, तर दोन चुका एकदम होतात. त्याच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या आणि भोकं ५.१ मिलिमीटरच्या पिनांसाठी, त्यामुळे जोड सैल राहून तापतो. आणि त्याचं अर्थिंग प्लगच्या बाजूच्या पट्ट्यांवर असल्यामुळे ते जोडलंच जात नाही. धातूची किटली असेल तर आत गळती झाली की शॉक थेट हाताला.

पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर उपकरण दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. त्याच्या दोन वायरींच्या प्लगला काही अडत नाही. जपानी मायक्रोवेव्हला दोन पिनांच्या प्लगशिवाय एक सुटी हिरवी वायर लोंबत असते. ती कापून टाकायची नाही, तेच अर्थिंग आहे.

नवा प्लग बसवताना

नवा प्लग उपकरणाच्या करंटला पुरेल असा घ्या. ब्रिटिश प्लग असेल तर आतला फ्यूजही पाहा: सुमारे ७०० वॅटपर्यंत ३ अँपिअर, त्यावर १३. वायरही पुरेशी जाड हवी. ६ अँपिअरपर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटर, १० पर्यंत १, आणि १६ पर्यंत १.५.

जुना प्लग कापा, त्याची कोणती पिन कोणत्या वायरीची ते पाहून घ्या (कसं ते पुढे आहे) आणि मग लगेच पिना वाकवून तो फेकून द्या. उघड्या वायरीसकट तो कुणी, विशेषतः लहान मुलाने, सॉकेटात खुपसला तर टोकांवर जिवंत वीज येते.

बाहेरचं आवरण सुमारे ४ सेंटिमीटर सोला. आतल्या वायरींवर ब्लेडचा चरा दिसला तर तेवढा भाग कापून पुन्हा सुरुवात करा. रंग असे: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. अमेरिकन वायरीत काळा फेज, पांढरा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. जुन्या ब्रिटिश पद्धतीत लाल फेज आणि काळा न्यूट्रल. म्हणजे काळी वायर एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल. रंगावरून अंदाज न करता कापलेल्या जुन्या प्लगची कोणती पिन कोणत्या वायरीला जोडली होती, ते पिना वाकवण्याआधीच मल्टिमीटरने पाहून लिहून ठेवा. अमेरिकन चपट्या दोन वायरींच्या दोरीत अंगावर रेघा असलेली बाजू न्यूट्रल असते.

फेज आणि न्यूट्रलपेक्षा अर्थिंगची वायर एखाद सेंटिमीटर लांब ठेवा. वायर ओढली गेलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी निसटलं पाहिजे. टोकं ६ ते ८ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा आणि एकही तार बाहेर न ठेवता स्क्रू आवळा. टोकांना डाग देऊन (सोल्डर करून) स्क्रूखाली दाबणं टाळा: डागाचा धातू दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल होतो, मग जोड तापतो. त्याऐवजी दाबायची धातूची टोपी वापरा. शेवटी वायर धरणारी पट्टी बाहेरच्या आवरणावर आवळा, आतल्या रंगीत वायरींवर नाही.

अमेरिकेत किंवा कॅनडात युरोपीय किटली चालवायची असेल तर ट्रान्सफॉर्मरपेक्षा बरा मार्ग आहे. तिथल्या घरांत दोन फेजमध्ये मिळून २४० व्होल्ट असतातच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही फेज एकत्र तोडणारा ब्रेकर आणि २५० व्होल्टचा सॉकेट बसवून घेता येतो. हर्ट्झ ६० राहतात, म्हणून फक्त तापणारी उपकरणं. दोन्ही वायरी जिवंत असल्यामुळे उपकरणाचा खटका बंद असला तरी कॉइलपर्यंत वीज पोचलेली असू शकते. पुसताना-धुताना प्लग बाहेर काढूनच.

पहिल्यांदा चालू करताना

सॉकेटात घालण्याआधी मल्टिमीटरने तीन मोजमापं घ्या. प्लगची अर्थिंग पिन ते उपकरणाचा उघडा धातू: एक ओहमपेक्षा कमी. फेज पिन ते धातू आणि न्यूट्रल पिन ते धातू: मीटरने काहीच दाखवू नये, खटका चालू असतानाही. यातलं एक जरी चुकलं तर प्लग उघडून पाहा.

किटलीत पाणी भरून, टोस्टर रिकामा, मिक्सर रिकाम्या भांड्यासह हळू वेगावर असा पहिला प्रयोग करा, आणि तो ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीने (वीज गळली की आपोआप पडणारा खटका) सुरक्षित केलेल्या सॉकेटावर. आरसीसीबी पडला तर पुन्हा पुन्हा चढवू नका. अर्थिंगकडे वीज गळते आहे. दहा मिनिटांनी बंद करून प्लग काढा आणि पिनांना बोट लावा. कोमट चालतात. बोट ठेववत नसेल तर स्क्रू सैल आहे, पिन भोकात सैल बसते आहे, किंवा सॉकेटच कमी अँपिअरचा आहे. आठवडाभराने प्लग उघडून स्क्रू पुन्हा एकदा आवळा; नव्या तारा दबून थोड्या सैल झालेल्या असतात.